नळीवरच्या खुणा

मार्चमध्ये आजी कडबी चौकाजवळचं घर सोडून बेसाला आमच्याकडे राहायला आली. सामान फार नव्हतं. एक लोखंडी ट्रंक, देव, सहाण, आणि बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. तो डबा ती कुणाला उघडू देत नव्हती. रात्री जेवणं झाल्यावर तिनेच उघडून दाखवला. आत दोन वेगवेगळ्या सुती फडक्यांत गुंडाळलेल्या दोन वस्तू होत्या. एकात आबाजींच्या पाइपची वाटी, दुसऱ्यात नळी.

मी दोन्ही जोडून पाहिल्या. नळी सैल बसली. वाटी विलायती, ब्रायरची, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी येणाऱ्या गाठीची. नळी मात्र काळ्या लाकडाची होती आणि तोंडाकडच्या टोकाला तिच्यावर दातांच्या खुणा होत्या. वर दोन खोल, खाली एक उथळ. सगळ्या डाव्या बाजूला सरकलेल्या.

फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला तर पुण्याच्या आतेभावाने पाच मिनिटांत लिंक पाठवली. ॲक्रिलिकची नवी नळी, घरपोच. ‘ओरिजिनल लुक येईल, शोकेसमध्ये ठेव, जन्मभर काही होणार नाही.’ सूचना वाईट नव्हती. पण ‘जन्मभर’ या शब्दाशी मी अडकलो. कुणाच्या जन्मभर? नळीच्या, की तोंडाच्या?

प्रश्न शाब्दिक वाटेल, पण गेले तीन महिने मी तोच घेऊन बसलोय. तो नीट मांडायचा तर आधी आबाजी आणि मग लाकूड, दोन्ही समजावून घ्यावं लागतं.

आबाजी मोतीबागेच्या रेल्वे कारखान्यात टर्नर होते. नॅरोगेजच्या गाड्यांची कामं तिथे चालत. एक अँग्लो-इंडियन फोरमन निवृत्त होऊन नागपूर सोडताना त्यांना हा पाइप देऊन गेला. तोवर आबाजी बिडी ओढत. पाइप ही चैन होती आणि थोडा रुबाबही. आजीच्या शब्दांत, ‘साहेबासारखे आरामखुर्चीत बसून राहायचे.’ मूळची नळी इबोनाइटची होती. दोनेक वर्षांत ती तोंडाशी चिरली. नवी नळी नागपुरात मिळेना, आणि मिळाली असती तरी त्यासाठी पैसे कोण देणार? टर्नर माणूस. त्यांनी लेथवर स्वतःच केली. पहिली सागवानाची, मग बाभळीची, एक बांबूचीही. शेवटी तेंदूच्या काळ्या गाभ्याची, ती ही. आजीच्या हिशेबाने एकूण चार. प्रत्येक नळी काही वर्षं टिकली आणि मग तोंडाशी फुटली, नाहीतर सांध्याशी.

पाइप ओढणाऱ्यांच्या जगात लाकडी नळीला फारसं कुणी विचारत नाही आणि त्याला कारणं आहेत. मी मेकॅनिकल शिकलो आणि पोटासाठी कोड लिहितो, तरी ही कारणं शोधताना बऱ्याच दिवसांनी खरं इंजिनिअरिंग केल्यासारखं वाटलं. पहिली अडचण भोकाची. बोटभर जाडीच्या लाकडात लांबीच्या दिशेने तीन-चार मिलीमीटरचं सरळ भोक पाडायचं तर ड्रिल रेषांच्या मागे भरकटतं आणि कुठेतरी बाजूने बाहेर येतं. म्हणून जुने लोक ज्या फांदीत मऊ गर असतो अशी फांदी घेत आणि तापलेल्या तारेने तो गर जाळून काढत. उत्तर अमेरिकेतले मूळ रहिवासी ॲश आणि सुमाकच्या फांद्यांच्या नळ्या अशाच करत. बांबूला तर निसर्गानेच भोक दिलंय. फक्त पेरं लाल सळीने जाळायची, बासरीवाले करतात तसं.

दुसरी अडचण जाडीची. इबोनाइटचं टोक घासून चार मिलीमीटरपर्यंत पातळ करता येतं, दातांत धरलं तरी जबडा उघडा राहिल्यासारखं वाटत नाही. लाकूड इतकं पातळ केलं की रेषेत तडकतं. जाड ठेवलं तर तोंडात अवजड.

तिसरी अडचण सगळ्यांत मजेची. लाकूड ओलाव्याने फुगतं, पण सगळ्या दिशांनी सारखं नाही. रेषांच्या लांबीत जवळपास नाहीच. आडव्यात मात्र वाढीच्या वलयांना समांतर दिशेने जितकं फुगतं-आटतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे. म्हणजे लेथवर अगदी गोल काढलेलं कुसू, नळीचं वाटीच्या भोकात बसणारं टोक, काही दिवसांनी गोल उरत नाही, किंचित लंबगोल होतं. त्यात आपलं नागपूर. मेमध्ये पारा पंचेचाळीसला आणि हवा अशी कोरडी की दारांच्या फळ्यांतून उजेड दिसावा. जुलैत तीच दारं चौकटीत अडकून बसतात. आबाजींची नळी उन्हाळ्यात आपोआप गळून पडायची आणि पावसाळ्यात निघता निघायची नाही. जोर लावून काढावी तर वाटीची मानच तडकायची भीती. माझ्या हातात ती मार्चमध्ये सैल बसली, ती यामुळेच.

मग लाकूड वापरायचंच कशाला? कारण ओठाला ते थंड लागत नाही, तापतही नाही. दाताखाली ते थोडं दबतं. ॲक्रिलिक दबत नाही. काचेच्या पेल्याची कड दातांत धरल्यासारखं ते वाटत राहतं, आणि सवय होईपर्यंत दात सळसळतात. इबोनाइट या दोहोंच्या मधलं. ते थोडं दबतं, पण उन्हात पडलं की हिरवट तपकिरी होतं आणि त्यातल्या गंधकाचा वास तोंडात येतो.

इबोनाइटबद्दल एक गंमत सांगायलाच हवी. चार्ल्स गुडइयरने रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची रीत शोधली. त्याच्याच भावाने, नेल्सनने, गंधक भरपूर वाढवून लाकडासारखं कडक काळं रबर केलं आणि 1851 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. हे रबर एबनीसारखं दिसतं म्हणून त्याला एबोनाइट म्हणू लागले. आणि आपला तेंदू, टेंभुर्णी, हा एबनीच्याच कुळातला. गोंदिया, भंडारा, गडचिरोलीत ज्याची पानं उन्हाळ्यात बिडीसाठी तोडतात, तोच. म्हणजे आबाजींच्या हातात लाकडाची नक्कल करणारं रबर मोडलं आणि त्यांनी त्या जागी अस्सल लाकूड बसवलं. त्यांना हे ठाऊक असण्याचं कारण नाही. पण ज्या झाडाच्या पानाची बिडी त्यांनी पाइपसाठी सोडली, त्याच झाडाचं लाकूड पुन्हा त्यांच्या तोंडात आलं.

आरामाचा आणि टिकण्याचा हा झगडा तंबाखूइतकाच जुना आहे. तंबाखू उत्तरेत गेली ती दख्खनमधून. अकबराचा वकील असद बेग विजापूरला गेला होता. तिथे त्याला ही नवलाची वस्तू दिसली आणि 1605 च्या सुमारास त्याने ती बादशहाला नजर केली. त्याने स्वतःच वर्णन लिहून ठेवलंय. नळी अचेहून आणवलेली, तीन हात लांब, छान वाळवून रंगवलेली, दोन्ही टोकांना जडावाचं काम. वाळवलेली म्हणजे ती झाडाचीच असणार. पण ओठांकडच्या टोकाला काय? येमेनी अकीक, लंबगोल घडवलेला. धुरासाठी हलकी नळी, तोंडासाठी दगड. दात लागून झिजायचा प्रश्नच मिटला. बादशहाच्या दातांचं काय, ते त्याने लिहिलेलं नाही.

या प्रसंगात मला जास्त रस आहे तो त्यानंतरच्या वादात. दरबारातल्या हकिमाने हरकत घेतली. आमच्या ग्रंथांत या वस्तूचा उल्लेख नाही, तपासल्याशिवाय ती घेऊ नये. असद बेगचं म्हणणं, प्रत्येक चाल कधीतरी नवीच असते, आणि फिरंग्यांतही शहाणी माणसं आहेत. अकबराने ओढून पाहिली, सवय लावून घेतली नाही. उमरावांनी मात्र लावून घेतली. वाद असद बेगने जिंकला असं म्हणायला हरकत नाही. पण चारशे वर्षांनी वाचताना मी हकिमाच्या बाजूचा होतो, आणि नळी इतकी सुंदर नसती तर वाद कसा झाला असता, हा विचार डोक्यातून जात नाही.

आपल्याकडच्या चिलमीला तर नळीच नाही. मातीची चिलीम, तळाशी ओली छापी, वर ओंजळ. साईसच्चरितातली चांद पाटलाची गोष्ट ज्यांनी ऐकली आहे त्यांना आठवेल की बाबांनी सटका आपटून पाणी काढलं ते छापी भिजवण्यासाठीच. टिकण्याचा आव नाही. छापी खराब झाली, दुसरी चिंधी. चिलीम फुटली, दुसरी चिलीम.

आता जे सांगायचं ते.

आबाजींच्या तोंडात डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा आला. दुखत नव्हता म्हणून वर्षभर कुणाला बोलले नाहीत. बाबा त्यांना दवाखान्यात घेऊन गेले तेव्हा डॉक्टरांनी आधी तोंड पाहिलं आणि मग विचारलं, पाइप कुठल्या बाजूला धरता? आबाजींनी खिशातून पाइप काढला. डॉक्टरांनी नळीवरच्या खुणा पाहिल्या, पुन्हा तोंडात पाहिलं, आणि काही न बोलता चिठ्ठी लिहायला घेतली. ही गोष्ट बाबा अजूनही त्याच क्रमाने सांगतात. ऑपरेशन झालं, जबड्याचा तुकडा काढला. दीड वर्षाने, 2005 मध्ये, ते गेले. मी तेव्हा शाळेत जायला लागलो होतो. मला फक्त त्यांचा वास आठवतो आणि त्या शेवटच्या दीड वर्षातला रुमाल.

पाइप त्यांनी सोडला, म्हणजे तंबाखू सोडली. न पेटवलेला पाइप बराच काळ हातात असायचा. आइन्स्टाइनचंही म्हणे तसंच होतं. डॉक्टरांनी मनाई केल्यावर तो रिकामा पाइप तोंडात धरून बसे. त्याचा एक पाइप स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, त्याच्या टोकाला चावून चावून भोक पडलेलं.

मला वाटतं, वस्तू आणि शरीर जिथे एकमेकांना घासतात तिथे कुणीतरी झिजतंच. झीज टळत नाही, ती फक्त या बाजूची त्या बाजूला ढकलता येते. मऊ वस्तू स्वतः झिजते. कडक वस्तू तुम्हाला झिजवते. आपण ‘टिकाऊ’ म्हणून जिचं कौतुक करतो ती पुष्कळदा झीज माणसाकडे सरकवलेली वस्तू असते. मराठीत आपण झिजण्याला फार मान दिला. चंदनासारखं झिजावं म्हणतो. आजीच्या सहाणेकडे पाहिलं तर लक्षात येतं की मधोमध तीही खोलगट झाली आहे. सहाणेच्या झिजण्यावर कुणी काही बोलत नाही.

पण म्हणून लाकूड भलं आणि ॲक्रिलिक वाईट, असं मी म्हणणार नाही. तो सोपा मोह आहे आणि आमच्या पिढीला तो फार पटकन होतो; मातीचे माठ, लाकडी कंगवे, सगळं आम्ही दुप्पट पैशांत परत विकत घेतो. लाकडी नळीने आबाजींना वाचवलं नाही. त्यांना ओठाला सुखद वाटली म्हणून कदाचित ते जास्तच ओढत राहिले असतील. चार नळ्या झिजल्या आणि बदलल्या. पाचव्या जागी गाल होता, तो बदलता आला नाही. लाकडाच्या बाजूने इतकंच म्हणता येईल की त्याने हिशेब ठेवला. कुठल्या बाजूला, किती खोल, किती वर्षं, सगळं त्यावर लिहिलेलं होतं. वाचलं कुणी नाही, हा दोष लाकडाचा नाही. ॲक्रिलिकवर डॉक्टरांना काय दिसलं असतं?

मी ज्या कंपनीत काम करतो ती दुसऱ्या कंपन्यांसाठी ॲप करते. आमच्या टीमचा गिऱ्हाईक मोबाइलवर झटपट कर्ज देतो. दोन वर्षांपूर्वी कर्ज घेताना सात पायऱ्या होत्या. त्यातल्या एका पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं: एकूण परतफेड इतकी, तुमची आधीची थकबाकी इतकी, पुढे जायचं का? तिथे बरेच लोक परत फिरत. ती गळती कमी करायचं काम माझ्याकडे आलं. मी तो पडदा काढून आकडे खालच्या बारीक ओळीत नेले. नियमाला धरून होतं, काही लपवलं नव्हतं. सात पायऱ्यांच्या चार झाल्या. गळती घटली आणि मला टीम मीटिंगमध्ये शाबासकी मिळाली. त्या दिवशी मी घरी समोसे आणले होते.

गेल्या दिवाळीत आमच्या स्कीमच्या वॉचमनने त्याचा फोन माझ्याकडे आणला. मेसेज येऊन राहिले भाऊ, जरा पाहा ना. पाच वेगवेगळी कर्जं होती, एकाचा हप्ता दुसऱ्यातून फेडलेला. आमच्या ॲपचं त्यात एकही नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटलं आणि तसं वाटल्याची लाजही वाटली, कारण पाचही ॲप उघडून पाहिली तर सगळ्यांच्या चार-चारच पायऱ्या होत्या. कुठेच हाताला काही अडकत नव्हतं. ‘तुला कळलं नाही का एवढं झालं ते?’ मी विचारलं. तो म्हणाला, ‘कळलंच नाही ना भाऊ. बटन दाबलं की येतच होते पैसे.’

यावर एक हरकत माझा मित्र घेतो आणि ती रास्त आहे. वापरणारा सज्ञान आहे. आबाजींना कुणी जबरदस्ती केली नव्हती. वस्तू सुखाची करणं हे कारागिराचं कामच आहे. तो काय नळीत खिळे ठोकून ठेवणार? आणि कुणाच्या भल्यासाठी त्याच्या वाटेत मुद्दाम अडथळे टाकायचे, हे ठरवणारा तू कोण? सरकारने 2018 मध्ये हुक्का पार्लर बंद केली, 2019 मध्ये देशभर ई-सिगारेट बंद झाली. ते कायद्याचं काम. तुझं काम चांगला कोड लिहिण्याचं.

यातलं बरंचसं मी मान्य करतो. तरी एक फरक मला दिसतो आणि तो मोठा आहे. आबाजींनी नळी केली ती स्वतःच्या तोंडासाठी. तिची कड टोचली तर त्यांनाच, लाकडाचा कडवटपणा उतरला तर त्यांच्याच जिभेवर. चूक झाली ती त्यांनी स्वतः भोगली, फार भोगली. मी जो पडदा काढला त्यातून मी कधी कर्ज घेतलं नाही. घेणारही नाही, मला बँक गृहकर्ज देते. स्वतःच्या सुखासाठी वस्तू गुळगुळीत करणं वेगळं, आणि ज्यांना कधी भेटणार नाही अशा लोकांच्या हातात ती गुळगुळीत करून देणं वेगळं. पहिल्यात मोह आहे. दुसऱ्याला काय म्हणायचं ते मला अजून नीट सापडलेलं नाही, पण ‘चांगला कोड’ हे त्याचं नाव नव्हे.

आणि हे फक्त मोबाइलचं नाही. आमच्या बेसा चौकातल्या पानठेल्यावर संध्याकाळी उभं राहून पाहा. खर्रा पन्नीत घालून घासून घासून मऊ करून मिळतो, गालात ठेवला की टोचत नाही. तिथे नळीही नाही, वाटीही नाही, गालच पाइप आहे. ठेलेवाला माणूस प्रेमळ आहे, गिऱ्हाईकाची आवड लक्षात ठेवतो. माझ्यात आणि त्याच्यात फरक एवढाच की तो स्वतःही खर्रा खातो.

एप्रिलमध्ये मी एक तिकीट उघडलं: थकबाकीचा पडदा परत आणावा, निदान ज्यांची आधीची दोन कर्जं चालू आहेत त्यांच्यासाठी. मॅनेजर हसला नाही, हे त्याचं मोठेपण. म्हणाला, आधी थोड्या लोकांवर टेस्ट करू, आकडे वाईट आले तर गिऱ्हाईकाला काय सांगायचं ते तूच सांग. टेस्ट चालू आहे. आकडे वाईट येणार, मला माहीत आहे. ते वाईट येण्यासाठीच तो पडदा आहे.

नळी घेऊन मी एका सुताराकडेही गेलो होतो, कुसू सैल झालंय त्याचं काही होतं का बघायला. त्याने ती फिरवून पाहिली, नखाने रेषा पाहिल्या, तेंदू आहे म्हणाला. मग खुणांवर बोट ठेवून म्हणाला, ‘दोन हात पॉलिश पेपर मारून देतो, नवी होते पहा.’ मी नको म्हणालो. त्याला ते विचित्र वाटलं असावं. सैलपणाबद्दल तो म्हणाला, काही करू नका, पाऊस आला की बसते आपोआप.

आतेभावाला मी अजून उत्तर दिलेलं नाही. पाइप जोडून टीव्हीशेजारच्या फळीवर ठेवला होता. मेच्या शेवटी एका संध्याकाळी कूलरसमोर बसलेली आजी त्याच्याकडे बघत म्हणाली, ‘काहून रे, लावूनच ठेवली का तू ती? पावसाच्या आधी काढून ठेवजो. नाही तर फुगते मंग निघत नाही.’

मी म्हणालो, आजी, वीस वर्षं झाली, आता कोण ओढणार आहे?

‘ओढाले कोणी नसू दे. मी दर साली काढतो.’

मृग लागायच्या आधी मी नळी काढली. सहज निघाली. दोन्ही वस्तू तिच्याच दोन फडक्यांत गुंडाळल्या आणि डबा तिच्या ट्रंकेत परत ठेवला.